हालचाल आढळली

६ जानेवारी, सोमवार

बोलून बसले! दुकानात चार बायका उभ्या असताना आक्काबाईला बोलले.

सकाळी माल लावताना पाहिलं, तर तान्ह्या बाळांच्या कप्प्यातलं काळं झबलं नाही. संक्रांतीसाठी परवाच तीन आणली होती. दिवाळीपासून हेच चाललंय. आधी टोपडं गेलं, मग काळ्या मण्यांच्या मनगट्या, मग एक फ्रॉक. टिकल्या, पिना, नेलपॉलिश उघड्यावर पडलेलं असतं, त्याला कुणी हात लावत नाही. जातं ते फक्त बाळाचं.

आक्काबाई फरशी पुसत होती. नऊ वर्षं झाली, दुकान तीच झाडते-पुसते. तिच्या भावाला नात झालीय हे कालच कानावर आलं होतं. डोक्यात तेच आलं आणि तोंडातून गेलं — "आक्काबाई, भावाच्या नातीसाठी न्यायचं तर सांगून न्यायचं होतंस!"

ती उठून उभी राहिली. फडकं बादलीत टाकलं. "म्या न्हाई नेलं, वैनी."

"मग कुणी नेलं?"

यावर माझ्याकडं बघतच राहिली. आता काहीतरी बोलेल असं वाटलं. पण तिनं चपला घातल्या आणि गेली. बादली तशीच.

घरी आत्याबाई म्हणाल्या, "मी तवाच म्हणत व्हते, त्या वस्तीतल्या बाईच्या हातात दुकानाची चावी देऊ नको." सासूचं बोलणं एरवी मला टोचतं. आज बरं वाटलं. आता लिहिताना वाटत नाहीये.

८ जानेवारी, बुधवार

आक्काबाईची मुलगी आली होती. गौतमी. दौंडला पतसंस्थेत क्लार्क आहे. कामावर जाताना वाट वाकडी करून आली. पायरीवरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"माझी आई तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे, काकू. तिला तुम्ही अरेतुरे करता, ते तिनं चालवून घेतलं. चोर म्हणालात, हे मी चालवून घेणार नाही." आवाज चढवला नाही. वर बोट दाखवलं. "कॅमेरा आहे ना? दाखवा मला, आई काय नेताना दिसते ते."

काय दाखवणार? कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालंय. दिवाळीपासून एक चित्र उतरलेलं नाही! लाल दिवा मात्र लुकलुकत होता, म्हणून आम्ही निवांत.

"पंधरा दिवस देते," ती म्हणाली. "खरा चोर दाखवा. नाहीतर चार बायकांसमोर बोललात, तर चार बायकांसमोरच माफी मागा."

ती गेल्यावर लावलेलाच माल परत लावत बसले. राग की काय, कळलं नाही.

९ जानेवारी

दौंडला गेले. स्टेशनजवळ महेंद्रचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे, आमचे दोन त्यानंच बसवलेत. नवीन कार्ड घातलं. फोनवर ॲप टाकून दिलं. म्हणाला, "ताई, रेकॉर्डिंग बघत बसायला तुम्हाला वेळ कुठला? मोशन अलर्ट लावू. समोर काही हललं की फोन वाजणार."

मराठी भाषा पण लावून दिली. हलल्यावर फोनवर अक्षरं येतात — ‘हालचाल आढळली’.

"दुकानात बसतं कोण कोण?"

"मी. दुपारी एक ते चार धाकटी जाऊ."

"म्हंजी घरचीच माणसं."

"हो, घरचीच."

त्यानं पुढं विचारलं नाही. मीही पुढं विचार केला नाही.

१० जानेवारी

१४३ वेळा फोन वाजला. पंख्यानं हलणारी तोरणं. काचेवर पडणारी हायवेच्या गाड्यांची सावली. पाल. कुत्र्याची शेपटी. मी स्वतः!

जीव नकोसा झाला.

११ जानेवारी, शनिवार

महेंद्रला फोन केला. म्हणाला, एरिया आखा, नाहीतर फोन फेकून द्याल. त्यानं सांगितलं तसं बोटानं स्क्रीनवर चौकट ओढली. दार वगळलं, काउंटर वगळलं, पंखा वगळला. ठेवला फक्त बाळांचा कप्पा आणि त्याच्या पुढची हातभर जागा. संवेदनशीलता ‘मध्यम’. ‘फक्त माणूस’ चालू.

संध्याकाळपर्यंत तीनच अलर्ट. तिन्ही वेळा मीच.

१२ जानेवारी

झाडू मीच मारते. कोपऱ्यातली जळमटं निघत नाहीत. ती कशी काढायची कोण जाणे.

१४ जानेवारी, संक्रांत

उभं राहायला जागा नव्हती. बांगड्या, वाणाचं सामान, हलव्याचे दागिने. बोरन्हाणाची गिऱ्हाइकं या वर्षी फार. एक बाई पाच महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आली, मुकुट डोक्याला होतो का बघायला. धाकटी जाऊ हर्षदा काउंटरला होती. तिनं मुकुट बसवून दिला, सारखा केला. चेहऱ्यावर काही नाही.

दर वर्षी या दिवशी आक्काबाई सगळ्यात आधी तिळगूळ घेऊन यायची.

१६ जानेवारी, गुरुवार

लिहावं की नाही?

दुपारी दोन वीसला मी गिरणीत होते. फोन वाजला. हालचाल आढळली. गिरणीवाला पीठ भरत होता, मी भिंतीला टेकून उघडलं.

हर्षदा.

हलव्याच्या दागिन्यांचा डबा तिनं खाली घेतला. काउंटरवर एक काळा फ्रॉक पसरला. डोकं असतं तिथं मुकुट ठेवला. गळ्याशी हार. बाह्यांच्या टोकाला वाकी. सगळं जिथल्या तिथं. मग बघत उभी राहिली. मग फ्रॉक काढला आणि त्या जागी झबलं ठेवलं. परत मुकुट, परत हार. परत बघत उभी.

दुकानात कुणी नव्हतं. सहा मिनिटं. मग सगळं घडी करून आपल्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली सारलं आणि खुर्चीवर जाऊन बसली.

"वैनी, पीठ," गिरणीवाला दोनदा म्हणाला म्हणे.

१७ जानेवारी

तिला काही विचारलं नाही. जेवायला वाढलं. दोन भाकरी खाल्ल्या तिनं.

मागच्या ऑगस्टमधलं लिहिते. इथं तरी लिहिते. नववा महिना लागला होता तिला. पोटात दुखायला लागलं म्हणून दौंडला नेलं, लगेच सिझर केलं. बाळ आतच गेलेलं होतं. हर्षदा गुंगीत होती. नर्सनं विचारलं, आईला दाखवायचं का? आत्याबाई म्हणाल्या, "नको. बघितलं की जीव गुंततो." नर्सनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणू शकले असते, थांबा, तिला शुद्धीवर येऊ द्या. मीही मान हलवली, नको म्हणून.

फडक्यात गुंडाळलेलं बाळ गाडीपर्यंत मी नेलं.

घरात त्या विषयावर बोलायचं नाही अशी आत्याबाईंनी सगळ्यांना शपथ घातली. ईश्वर भावजींनासुद्धा — तिच्या नवऱ्याला! हर्षदा शुद्धीवर आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं, "गेलं." आम्ही घरी शिवून ठेवलेली दुपटी तिच्या येण्याआधी मीच बांधून कुणाला तरी देऊन टाकली.

आक्काबाई महिनाभर येऊन तिला तेल लावून न्हाऊ घालायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

१९ जानेवारी, रविवार

ह्यांना दाखवलं. फुलांचा टेम्पो धूत होते. हात पुसून पाहिलं, पूर्ण सहा मिनिटं. फोन परत दिला.

"पुसून टाक ते."

"आन् आक्काबाई?"

"दुसरी बाई मिळंल. ईश्वरची बायको चोर म्हणून गावभर झाली, तर ती कुठं जाईल?"

"आक्काबाई कुठं जाईल?"

नळी परत सुरू केली.

२० जानेवारी

पुसलं.

२१ जानेवारी

दुपारी आता आत्याबाई बसतात दुकानात. हर्षदाला म्हटलं, तू घरी आराम कर. ती म्हणाली, "माझं काय चुकलं का, ताई?" मी म्हणाले, छे गं.

तिच्या तोंडावरनं वाटलं, मी विचारावं म्हणून ती थांबलीय. मी कणीक मळायला घेतली.

२३ जानेवारी, गुरुवार

गौतमी आली. पंधरावा दिवस. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, शिवाय आत्याबाई.

"दिसलं का कोणी?"

"नाही."

"माझी आई पंधरा दिवस या दुकानात पाय ठेवायला आलेली नाही. या पंधरा दिवसांत काही गेलं का?"

गेलं होतं. मुकुट, हार, वाकी, फ्रॉक, झबलं. मला पाठ आहे.

मी म्हणाले, "नाही. काही गेलं नाही."

बोलल्यावर कळलं, मी काय केलं. आक्काबाई यायची थांबली आणि चोरी थांबली! एका शब्दात शिक्का मारला मी. दोन्ही गिऱ्हाइकांनी एकमेकींकडं पाहिलं. आत्याबाई हुंकारल्या.

गौतमी म्हणाली, "काकू, तुम्ही माझ्याकडं बघून बोला."

नाही बघितलं. गेली ती.

२७ जानेवारी

दवाखान्याच्या मॅडमनी आक्काबाईला झाडायला येऊ नको म्हणून सांगितलं. क्लासवाल्यांनीही. आमच्या दुकानातनं बातमी गेली, दुसरं काय. ती भावाकडं, वडगाव रासाईला निघून गेली. गौतमी एकटीच असते घरी.

हर्षदा बोलतच नाही. सांगितलं तर करते, नाहीतर खिडकीशी.

३० जानेवारी

कप्प्यासमोर उभी राहिले. फोन वाजला. हालचाल आढळली. उघडून पाहिलं — मी, वरून. भांगातले पांढरे केस. तोंड दिसत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

वडगाव रासाईला जाऊन आले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडं. चौफुल्यावरून जीप, भीमेचा पूल ओलांडून. नदीच्या अंगाला आक्काबाईंच्या भावाचं, म्हाळू मामांचं घर. त्यांनी पाणी दिलं आणि पोरांना घेऊन बाहेर गेले. आक्काबाई कांद्याच्या पाती निवडत होत्या. मी समोर खालीच बसले.

"आक्काबाई, तुम्ही नेलं नव्हतं. हर्षदानं नेलं. मी कॅमेऱ्यात पाहिलं. आणि तरी गौतमीला खोटं बोलले."

त्यांचा हात थांबला नाही. "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या टायमाला. मी मागनं आले, ती टोपडं पिशवीत घालत व्हती. तिनं माझ्याकडं बघितलं, म्या तिच्याकडं. म्या फडकं घेतलं आन् पुसाया लागले."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी विचारलं होतं, कुणी नेलं म्हणून!"

आता त्यांनी वर पाहिलं. "वैनी, म्या तुमच्या जावंचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही कुणाचं खरं मानलं असतं?"

उत्तर मला येत होतं.

माफी मागितली. पाया पडायला वाकले, तर पाय मागं घेतले. "हितं नगं. चार भिंतीत माफी मागून माझं काय व्हायचं? जिथं बोलला, तिथं बोला." मी उठले तेव्हा पातीची एक जुडी माझ्याकडं सरकवायला घेतली आणि परत आपल्याकडं ओढून ठेवली.

जीपची वाट बघताना मला रडू आलं ते त्या जुडीचं.

३ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं, उद्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांसमोर बोलणार आहे. हर्षदाचं नाव घेणार नाही, पण आक्काबाईंनी नेलं नाही आणि मी खोटं बोलले, हे सांगणार. म्हणाले, "आईला सहन व्हायचं न्हाई." मी म्हणाले, न होऊ दे.

गौतमीला फोन केला. ‘बघते’ एवढंच म्हणाली.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

बोलले. सतरा बायका होत्या. गौतमी दारात उभी होती, आत आली नाही. सगळ्या विचारायला लागल्या — मग कुणी नेलं? हर्षदानं हातातलं तबक खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी नेलं. दोन्ही तऱ्हेचं नेलं. मला कुणी सांगितलंच न्हाई, मुलगा व्हता का मुलगी."

आत्याबाई उठून आत गेल्या.

मी सांगितलं. मुलगी होती. केस खूप होते.