पाच किलो बटाटे घेऊन घर बघताना

सौ. वहिनीस, आणि ‘मला जरा सोडता का?’ असं विचारण्यात निम्मं आयुष्य घालवलेल्या तमाम बायकांस,

खोल वाकून नमस्कार. (सभेला आत्ता तू एकटीच हजर आहेस, ठाऊक आहे मला. हरकत नाही. याहून रिकाम्या सभागृहांत मी टाळ्या घेतल्या आहेत.) गुडघा काय म्हणतो? चष्म्याचं तडकलेलं भिंग अजून बदललेलं नसणार, म्हणजे चष्मा अजून टीव्हीखालच्या खणात पडून असणार, म्हणजे हे पत्र दादाच तुला मोठ्याने वाचून दाखवत असणार. याचा मला किती आनंद झाला आहे म्हणून सांगू! माझ्या भाषणांना मैदानं भरली, पण सख्खा भाऊ कधी घटकाभर ऐकत बसला नाही. आज तोच माझं अख्खं भाषण स्वतःच्या तोंडाने करतो आहे. दादा, खणखणीत वाच. वाक्यं गिळू नकोस.

तर, इथल्या कामगार प्रशिक्षण केंद्रात लोकांना चारचौघांत बोलायला शिकवायचं म्हणून मी या वयात एकटी या शहरात आले. बोलायला शिकवणं सोपं निघालं. जागा शोधताना मात्र नाकी नऊ आले, कारण माझी अट एकच होती आणि ती कुणालाच कळत नव्हती. मला पायी जगता येईल अशी वस्ती हवी होती. स्वयंपाकघर अंधारं चालेल, भिंतीला ओल चालेल, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की कुणाची वाट न बघता कुठेतरी पोचता आलं पाहिजे.

हा हट्ट नाही, वहिनी, यामागे विचार आहे. (दादा, उसासा टाकू नकोस, पत्रात तो लिहिलेला नाही.) सोडायला सांगायचं तर कारण लागतं. तेही गाडी बाहेर काढण्याइतकं मोठं लागतं. नुसती दुकानाची काच बघून यायची आहे, आकाश बरं दिसतंय म्हणून चार पावलं टाकायची आहेत, ही कारणं सांगायला आपल्यालाच लाज वाटते. मग हळूहळू आपण आपली कारणं घरातच तपासायला लागतो. हे राहू दे, ते पुढच्या खेपेला. चाळता चाळता शेवटी चाळणीत उरतात दवाखाना आणि लग्नं. नाही म्हणणारा माणूस असता तर भांडता तरी आलं असतं. दादाने आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. तो ‘आलोच’ म्हणतो. त्या ‘आलोच’वर तू किती संध्याकाळी चपला घालून खुर्चीत बसून काढल्यास, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. (पुढे वाच, दादा. तू चांगला आहेस. मुद्दा तो नाही.)

पहिली जागा दादानेच सुचवली होती, त्याच्या मित्राची. शहराबाहेर उंच इमारतींचा पुंजका, भोवती भिंत, आत बाग, तळमजल्यावर व्यायामशाळा. व्यायामशाळेत चालायची यंत्रं! माणसं लिफ्टने उतरतात, आतल्या आत गाडीने व्यायामशाळेपर्यंत येतात आणि यंत्रावर चढून जागच्या जागी चालतात. मी म्हटलं, बघू तरी, बाहेर काय आहे. फाटकावरच्या वॉचमनने अडवलं.

“कुठे निघालात मॅडम?”

“सुईदोरा आणायला.”

“गाडी बोलवू?”

“नको, चालत जाते.”

बिचारा चाट पडला. “चालत कुठे जाणार? रस्ता आहे तो!”

वहिनी, मी पुष्कळ वाचलंय, थोरामोठ्यांना ऐकलंय, पण आपल्या काळावर इतकं नेमकं बोललेलं दुसरं वाक्य मला आठवत नाही. रस्ता आहे, तेव्हा चालायचं नाही! मी बाणेदारपणे निघाले. पदपथ नव्हता, भिंतीला अंग घासत चालले. थोड्या वेळाने एक गाडी करकचून थांबली. आतून एक जोडपं काळजीने विचारतं, “आजी, बरं वाटत नाहीये का? घरी सोडू का?” (आजी म्हणाले. तो मुद्दा मी वेगळ्या भाषणासाठी ठेवला आहे.) पायी चालणारी बाई दिसली, म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आणि सर्वांत लाजिरवाणं म्हणजे, मी बसले गं त्या गाडीत. तत्त्व भिंतीपाशी ठेवून मऊ गादीवर बसून परत आले. वॉचमनने फाटक उघडलं. सुईदोरा अजून आणायचाच आहे.

दुसऱ्या दिवशी एक एजंट गाठला. तो म्हणाला, दुकानं पाच मिनिटांवर, बस पाच मिनिटांवर, दवाखाना पाच मिनिटांवर. मी त्याचं नावच पाचमिनिटे ठेवलं. त्याची पाच मिनिटं स्कूटरची होती, हे पहिल्याच घरी कळलं. तेव्हापासून मी घरं बघायला जाताना पाच किलो बटाट्यांची पिशवी सोबत घेऊ लागले. रिकाम्या हाताने, सकाळच्या हवेत, कुठलीही वस्ती चालण्याजोगी वाटते. ओझं घेतलं की वस्ती खरं बोलायला लागते. कुठे चढ आहे, कुठे टेकायला कट्टा नाही, कुठे सावली संपते, सगळं खांद्याला कळतं.

“बाई, एकट्या माणसाला एवढे बटाटे कशाला?” पाचमिनिटेने विचारलं.

“माणूस एकटा असला तरी ओझं एकट्यापुरतं नसतं,” मी म्हणाले. त्याला वाटलं, मी भाषण करतेय. बरंच झालं.

त्याने दाखवलेली एक वस्ती तर फारच देखणी होती. पदपथावर नक्षीच्या फरश्या, दिव्याचे नवे खांब. त्या फरश्यांवरून ऐटीत चालावं, तो समोर विजेचा डबा. त्याला वळसा घालून यावं, तो मोटरसायकलींची रांग. आणि भाजीवाला रस्त्याच्या पलीकडे. पलीकडे जायचं तर जिना चढून पुलावर जायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा जिना उतरायचा. पुलाच्या मध्यावर माझा संताप उफाळून आला. यंत्रांनी सपाटीवरून जावं आणि हाडामांसाच्या माणसाने डोंगर चढावा, हा कुठला न्याय, असं म्हणत मी उजवा हात उंचावला. पिशवी त्याच हातात होती. बंद तुटला. बटाटे पुलावरून जिन्याकडे आणि जिन्यावरून जनतेकडे निघाले. लोक थांबले, वाकले, पायांनी अडवू लागले. एका गृहस्थाने दोन बटाटे उचलून दाबून बघितले आणि विचारलं, “कसे दिले?” माझ्या भाषणाने एवढी गर्दी एवढ्या झटपट कधीच हलली नव्हती.

पाचमिनिटे धावत खाली गेला आणि शर्टाच्या ओच्यात बटाटे घेऊन धापा टाकत वर आला. पायरीवर बसला. “बाई, खरं सांगा, तुम्हाला नक्की हवंय काय?”

मीही बसले. म्हटलं, “कारण नसताना बाहेर पडता येईल अशी जागा.”

तो म्हणाला, “माझी आई राहायची तिथे एक गल्ली आहे. पण दाखवायची लाज वाटते. जुनी आहे. लिफ्ट नाही, पार्किंग नाही.”

“पार्किंग नाही?” माझे डोळे भरून आले, वहिनी.

गल्ली अगदी साधी आहे. तोंडाशी बसथांबा, मग किराणा, चांभार, वाचनालय, चष्म्याचं दुकान, आणि मध्ये मध्ये दुकानांच्या पायऱ्या. त्यांवर कुणीही टेकावं, कुणी उठवत नाही. माझी घरमालकीण खालच्या ड्रायक्लीनच्या दुकानाचीही मालकीण आहे. मला पिशवीसकट दारात बघून ती म्हणाली, “बटाटे नकोत, कालच घेतले.” मी भाडेकरू आहे हे पटायला तिला वेळ लागला, पटल्यावर मात्र तिने एक बटाटा ठेवून घेतला. वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली तेवढ्याच भाड्यात मिळत होती. मी नाकारली आणि दुकानामागची तळमजल्यावरची घेतली. वक्त्याला उंचीची सवय लागली की खाली उतरणं जड जातं, म्हणून मी जनतेच्या पातळीवर राहायचं ठरवलं आहे. दादा, हसू नकोस. हे तत्त्व आहे.

इथे कालच मी काही कारण नसताना बाहेर पडले, कोपऱ्यापर्यंत गेले, एक पाटी वाचली आणि परत आले. कुणी विचारलं नाही. इतकी श्रीमंत मी आजवर कधीच नव्हते.

दादाची काळजी घे, आणि त्याला माझा आशीर्वाद सांग. (धाकटी असून देते आहे. वाचलंस ना दादा?)

तुझी नणंद,
दादाच्या भाषेत, तोफ

ता. क. वर खोलीचं जे कौतुक केलंय त्यातलं निम्मं वजा कर. दिवसाही दिवा लावावा लागतो. ड्रायक्लीनचं यंत्र सकाळपासून नाग डिवचल्यासारखं फुत्कारतं. कपाटाचं दार उघडलं की खोलीचं दार उघडत नाही. शिवाय संध्याकाळी कामावरून परत येते तेव्हा डोक्यात सांगण्यासारखं खूप असतं आणि ‘आता पुरे गं’ म्हणणारं कुणी नसतं. एकटीने राहण्याच्या बाजूने मी कुठल्याही व्यासपीठावर बोलू शकेन. या खोलीत मात्र अजून जमलेलं नाही.

ता. क. दुसरं. मी निघाले त्या सकाळी तुझ्या स्वयंपाकघरातली बटाट्यांची टोपली रिकामी झाली, त्याचा आळ दादाने भाजीवाल्यावर घेतला म्हणे. त्याची माफी मागा. बटाटे मी नेले. दादा ‘आलोच’ म्हणून अंघोळीला गेला होता, तेवढ्यात मी ते घेऊन तुमच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत चालत गेले. वाटेत पाण्याच्या टाकीपाशी बसायला चांगला दगड आहे.

ता. क. तिसरं. दादा, यापुढचं पान तू वाचायचं नाहीस. ते तिच्या हातात दे आणि चहा ठेवायला जा. अक्षरं मुद्दाम अंगठ्याएवढी काढली आहेत, तिला बिनचष्म्याची दिसतील. एवढ्या मोठ्या अक्षरांत भाषण मावत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते आहे.

वहिनी,

परवा फोनवर तू म्हणालीस, “वाचायचं काय मेलं आता, सवयच मोडली.” मला वाचायला तू लावलंस. तुझ्या लग्नाच्या ट्रंकेत साड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती.

पाच किलो हातात असले की मी तुझ्या चालीने चालते. जिथे थांबले, तिथे तू थांबशील. तळमजला तुझ्या गुडघ्यासाठी. चष्म्याच्या दुकानापर्यंत तीन पायऱ्यांवर टेकायला मिळतं, मी टेकून पाहिलंय.

कारण सांगू नकोस. सोडता का विचारू नकोस.

गुरुवारी सकाळी चष्मा पर्समध्ये टाक, फाटक उघड, आणि बसमध्ये बस.