छावणीतली एक बादली

देवणी, मंगळवार, संध्याकाळ

राखेनं हात घासले, तरी वास जात नाही. दारू सोडल्यापासून दुष्काळाच्या चारा छावणीत जनावरांचं शेण काढतो, त्याची कधी किळस आली नाही. आज जुना पिणारा सोबती मारुती गव्हाणीपाशी ओकून पडलेला. आमचा जिल्हा वेगळा, नवा झाला, पाणी मात्र टँकरचंच. त्यातली एक बादली घेऊन त्याला धुतलं.

गायवाली गंगाबाई ओरडली, "जनावराचं पाणी बेवड्यावर ओतायलात व्हय, मास्तर?"

"माझ्या वाट्याचं हाय, बाई."

आणि मारुतीच्या तोंडाच्या त्या दारूच्या घाण वासानं माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. थू! शिसारी त्याची, का माझी?

दारूचा गुत्ता जवळच होता. पाय वळणारच होते. मारुतीला बसता केला, शेणाची पाटी हातात दिली.

"उचल."

त्यानं दोनदा सांडली. मी गुत्त्याकडे गेलो नाही.