शून्य एरर

२ ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजा यथासांग. माझा स्क्रूड्रायव्हर सेट, रश्मीचा मिक्सर आणि श्रुतिकाचा कॉम्प्युटर. श्रुतिका म्हणाली, बाबा, लांबून एक फूल वाहा, बस. लांबून वाहायला तो काय परका आहे? पोरीच्या शेवटच्या वर्षाची ॲनिमेशन फिल्म त्याच्यावरच होणार. डब्याला वरून जाळी आहे, तिथून मूठभर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. आशीर्वाद आतपर्यंत पोचला पाहिजे.

५ ऑक्टोबर, रविवार
कॉम्प्युटर सकाळपासून आपोआप बंद पडतो, आपोआप चालू होतो. घरात बोंबाबोंब. १७ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत फिल्म कॉलेजात द्यायची, नाहीतर वर्ष गेलं. मी शांत. टेलिफोन खात्यात उभी हयात फॉल्ट शोधण्यात गेली. पाच मिनिटांत निदान: रॅम, म्हणजे मशीनची स्मरणशक्ती.
रश्मी म्हणाली, अहो, आतून घर्रघर्र आवाज येतोय, उघडून बघा की. उघडायला तो काय फणस आहे? आधी तपासण्या, मग ऑपरेशन.

७ ऑक्टोबर
व्हिडिओ बघून अभ्यास. मशीन चालू होताना आधी बूट मेनू येतो: काय चालू करू, असं ते विचारतं. आपल्या मेनूत एकच ओळ, लिनक्स, म्हणजे श्रुतिकाची रोजची सिस्टीम. उडप्याकडेसुद्धा चार प्रकारचे डोसे मिळतात! ठराव: मेनूत मेमरी टेस्ट, हार्ड डिस्क टेस्ट आणि हार्डवेअर तपासणी टाकणे.
श्रुतिका म्हणाली, बाबा यार, सबमिशन होईपर्यंत हात लावू नकोस ना. लावणार नाही म्हणालो. कीबोर्डला लावावा लागेल, तो वेगळा.

९ ऑक्टोबर
पहिल्या प्रयत्नात मेनूच गायब. दुसऱ्यात प्रत्येक ओळ तीनदा. तिसऱ्यात झकास. हार्ड डिस्क टेस्ट दाबली की काळोख होतो, पण ती ओळ दिसायला भारदस्त आहे, राहू दे. तिसऱ्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाला, कळलं काय नाय, पण एकदम प्रोफेशनल वाटतंय. जाणकार माणूस.

१२ ऑक्टोबर, रविवार
श्रुतिका मैत्रिणींबरोबर जुहूला लाटा बघायला गेली. तिच्या फिल्मच्या शेवटी समुद्र आहे, चार महिने रंगवतेय. तेवढ्यात मेमरी टेस्ट उरकली. एरर शून्य. मला हे पटलेलं नाही. चोर पोलिसासमोर चोरी करत नाही. याला बेसावध पकडला पाहिजे.
रश्मीने पुन्हा घर्रघर्र काढली. दुर्लक्ष केलं.

१५ ऑक्टोबर
फिल्मचं रेंडरिंग सुरू. म्हणजे मशीन एकेक चित्र पक्कं करून काढणार, दोन दिवस लागणार. मध्येच बंद पडलं तर? श्रुतिकाच्या वर्गातल्या निहारने सोय केली आहे: मशीन पुन्हा चालू झालं, लिनक्स आलं, की काम थांबलं तिथूनच आपोआप पुढे चालू. दिवसातून चार वेळा बंद पडलं तरी काम पुढे सरकतंय. पोरगा बरा आहे. पण ही मलमपट्टी. मुळावर घाव कोण घालणार?

१६ ऑक्टोबर
घातला. श्रुतिका कॉलेजला गेल्यावर मेनूत दोन बारीक बदल केले. एक, मशीन पुन्हा चालू झालं की काही न विचारता थेट मेमरी टेस्ट. दोन, वाट बघणे शून्य सेकंद. म्हणजे बंद पडल्या पडल्या गुन्हेगार रंगेहाथ! बदल पुढच्या वेळी मशीन चालू होईल तेव्हा लागू. रेंडरिंगला धक्का नाही. इतकं नाजूक काम खात्यात फक्त मीच करत असे.

१७ ऑक्टोबर, सकाळ
काल बदल केल्यापासून मशीन नेमकं एकदाही बंद पडलं नाही, लबाड. श्रुतिका लेक्चरला गेली. थोडंच उरलंय म्हणाली. ती जिना उतरली आणि मशीन बंद पडलं, चालू झालं. सापळा लागला! निळा पडदा, मेमरी टेस्ट. रेंडरिंग आतल्या आत चालूच असेल. खुर्ची टाकून बसलो.

दुपार
अजून शून्य एरर. अभिमान वाटला. पडद्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला: ‘बाबांची कमाल!’ मेहुण्याने अंगठा दिला. श्रुतिकाने काही दिलं नाही. ती स्वतःच आली, रिक्षाने, धापा टाकत.

रात्री
लिहावंसं वाटत नाही. श्रुतिकाने आल्या आल्या मेमरी टेस्ट बंद केली; लिनक्स आलंच नव्हतं, म्हणून रेंडरिंग सकाळपासून थांबलेलं. तिने मशीनचा डबा उघडला. पंख्यात झेंडू. खाली अक्षता, कुंकवाने लाल झालेल्या. तापून बंद पडत होतं म्हणे. रश्मी दारात उभी राहून फक्त म्हणाली, ह्यांका कोण सांगतलो! रागावली की ती सरळ कणकवलीला पोचते.
फिल्म सहाच्या आत गेली. शेवटचा समुद्र मात्र पक्का व्हायचा राहिला. रंग नाही, नुसत्या पेन्सिलच्या रेघा. चार महिन्यांचा समुद्र. मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळे झालं, असं तिला सांगायला दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेलो. दोन्ही वेळा, चहा घेतेस का, एवढंच विचारून आलो.

१९ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. रॅम निर्दोष आहे हे शेवटी कोणी सिद्ध केलं? शिवाय निहार म्हणाला, रेघांचा समुद्र वेगळाच वाटतो. मी हे श्रुतिकाला सांगितलं. तिने दार लावून घेतलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
मेनूत पुन्हा एकच ओळ. पासवर्ड बदललाय, रश्मीलासुद्धा ठाऊक नाही, निदान मला तरी तसंच सांगते. कॉम्प्युटरवर जुनी चादर, चारी बाजूंनी सेफ्टी पिना लावून.
पूजेला बसलो तेव्हा श्रुतिका चार दिवसांनी स्वतःहून बोलली. म्हणाली, बाबा, हे घे, कॉम्प्युटरच्या वतीने. पाटावर बिनवायरचा माऊस ठेवला. मी म्हणालो, बघ, शेवटी विश्वास आहेच माझ्यावर. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता वाहिल्या. तिने अडवलं नाही.
आरतीनंतर पुसायला उलटा केला. आतला सेल तिने आधीच काढून घेतला होता.