दोघांना जागा नाही

२ सप्टेंबर, मंगळवार

जागा आहेत! ढीगभर आहेत. नऊ! आणि तिकीटवाली वर म्हणते, "नऊ म्हणजे नऊच असं नाही हं काका. नऊ किंवा नवाच्या पुढे कितीही. पडद्यावर नवाच्या वर आकडा दाखवतच नाहीत." म्हणजे वीसही असतील, पन्नासही असतील. मी तिच्याकडे पाणी मागितलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं — "अवघड दिसतंय."

तिला तिच्या आक्काकडे जायचंय. आक्का समुद्रापलीकडे, एकटी. एकोणतीस तारखेला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन. थेट विमान आठवड्यातून एकदाच, बुधवारी. म्हणजे चोवीस तारीख गाठायलाच हवी. मध्ये दोनदा बदलायचं विमान रोज आहे, पण ‘ते माझ्याच्याने व्हायचं नाही’ असं ती पहिल्या दिवशीच म्हणाली. दोघांची कागदपत्रं तयार आहेत. न्यायचे कपडे तिने खुर्चीवर काढूनसुद्धा ठेवलेत. राहिली फक्त तिकिटं, आणि तिकिटं हे या घरात माझं खातं. छत्तीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर बसलो. ‘जागा नाही’ हे दोन शब्द मी जितक्या वेळा बोललो तितक्या वेळा कुणी देवाचं नाव घेतलं नसेल. तेव्हा मी अवघड म्हटलं की अवघडच, असं ती धरून चालते. बिचारी.

३ सप्टेंबर, बुधवार

कारण लिहून टाकतो. वही माझी, कपाट माझं, किल्ली माझी.

मला विमानाची भीती वाटते.

लिहिलं एकदाचं! अडुसष्ट वर्षांचा बाप्या, आणि विमान नुसतं डोक्यावरून गेलं तरी आडोशाला सरकतो. एकदा युनियनने अधिवेशनाला विमानाने पाठवायचं ठरवलं होतं, तेव्हा तीन दिवस जुलाबाचं सोंग केलं. दुसऱ्या दिवसापासून ते सोंग राहिलं नाही, हा भाग वेगळा. हे कुणालाही ठाऊक नाही. बायकोला तर नाहीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज तिकीटवालीकडे दीड तास. तिचं ऑफिस म्हणजे शिंप्याच्या दुकानाला लागून एक चिंचोळी खोली. दोन खुर्च्या, एक पंखा, टेबलावर विमानाचं खेळणं. त्याचा एक पंख चिकटपट्टीने जोडलेला! असलं टेबलावर ठेवतात का? मी खुर्ची फिरवून बसलो.

ती मला शिकवते आहे. जुना खिडकीवाला म्हणून मान देते. आमच्याकडे वर्ग म्हणजे वर्ग होता — गादी असेल तर वरचा, फळी असेल तर खालचा. इथे? खुर्ची तीच, चहा तोच, शेजारी घोरणारा तोच. फक्त तिकिटावरचं अक्षर वेगळं! वाय म्हणजे पुऱ्या भाड्याचं. हवं तेव्हा बदला, हवं तेव्हा रद्द करा. मग खाली खाली उतरत जायचं — बी, एम, क्यू — आणि तळाशी के. के सगळ्यात स्वस्त. पण बदल नाही, परतावा नाही, तक्रार नाही. आणि के मध्ये जागा ठेवतात मोजक्याच. त्या संपल्या की के बंद, वरचं अक्षर घ्या. विमान अर्धं रिकामं असलं तरी के बंद ते बंद!

वा! ही लबाडी ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मी आमच्या कचेरीत बोलावून चहा पाजला असता. आम्ही साधी माणसं. जागा लपवायची तर खाली मान घालून लपवायचो. हे लोक अक्षरं लावून राजरोस लपवतात.

येताना रस्त्यातच बेत शिजला. जेवताना बायकोला म्हटलं, "जायचं तर के मध्येच. एकाच खुर्चीचे दुप्पट पैसे मी देणार नाही. तत्त्व आहे." ती म्हणाली, "तुमची तत्त्वं नेमकी माझ्या माहेराच्या वाटेवर कशी उगवतात हो?" मग म्हणाली, "के मध्ये किती आहेत?"

"फार नाहीत," म्हटलं. चार आहेत.

८ सप्टेंबर, सोमवार

के ३. चांगली प्रगती.

९ सप्टेंबर, मंगळवार

के ५!!

वाढल्या! गेलेली जागा परत येते? हा कुठला न्याय? तिकीटवाली हसत म्हणाली, "कुणीतरी नुसत्या धरून ठेवल्या होत्या काका. मुदतीत पैसे भरले नाहीत की यंत्र काढून घेतं." ज्या गाढवाने धरून सोडल्या त्याला शोधून दोन शब्द सुनवावेसे वाटले. लोकांना शब्दाची चाड राहिलेली नाही.

बायकोला सांगितलं — "हलतंय, पण भरवसा नाही." यात एक अक्षर खोटं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

संकट. बायको म्हणते, "मी येऊ का उद्या तुमच्याबरोबर? बघते तरी काय असतं ते."

म्हटलं, "अगं, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. डोकं दुखेल तुझं."

"सव्वीस वर्षं बालवाडीत अक्षरं आणि आकडेच शिकवले मी. त्यात तुमच्यासारखे पन्नास सांभाळले."

मी घाईघाईने खोकायला लागलो. तिने आल्याचा काढा दिला. तिखट होता, पण विषय बदलला. मात्र कान टवकारून राहायला हवं.

१३ सप्टेंबर, शनिवार

के २. आज तिकीटवालीने स्वतःहून विचारलं, "काका, धरून ठेवू का दोन? मग संपतील हं." म्हटलं, "बायकोला विचारून सांगतो." छत्तीस वर्षं हे वाक्य मी खिडकीच्या आतून ऐकलं. बाहेरून बोलायला किती सोपं असतं!

१५ सप्टेंबर, सोमवार

आज जे हाती लागलं ते सोन्याने मढवण्यासारखं आहे.

के १. एकच उरली. मी म्हटलं, आम्हा दोघांचं बघा. तिने दोन टाकल्या. यंत्र म्हणालं, के नाही! दोन्ही जागा वरच्या अक्षरात, वरच्या भावात! का? तर दोन माणसं एकत्र मागितली की दोघांना पुरेल असंच अक्षर यंत्र शोधतं. एक जागा स्वस्त पडून आहे, पण जोडीने मागणाऱ्याला ती दिसतच नाही. वेगवेगळी मागितली तर एकाला के, दुसऱ्याला क्यू. तिकीटवाली म्हणाली, "तसं करू या का? एक-एक?"

"नको नको," म्हटलं, "आम्ही सगळं जोडीनेच करतो."

ती म्हणाली, "किती गोड!" मी लाजल्यासारखं केलं.

घरी पोचलो तो मान ताठ. बायको खुर्चीवरचे कपडे पुन्हा घड्या करत होती. म्हटलं, "के मध्ये दोघांना जागा नाही." शब्द न् शब्द खरा! कोर्टात शपथेवर सांगेन.

तिने हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "बरं." एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज नको ते कानावर पडलं.

दुपारी मी बाल्कनीत पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. मला झोप लागली असं समजून बायको आक्काशी फोनवर बोलत होती. आक्काला ऐकू कमी येतं, म्हणून ती स्वतःही ओरडूनच बोलते. आक्काचा आवाज स्वच्छ येत होता. "एक डोळा गेल्यातच जमा आहे गं. दुसऱ्याचं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. ऑपरेशननंतर ये असं नको म्हणूस. आधी ये. दिसतंय तोवर तुझं तोंड बघू दे."

बायको म्हणाली, "हे बघतायत तिकिटांचं. रोज जातात बिचारे, उन्हातान्हात."

बिचारे!

आईविना पोर, आक्कानेच हिची वेणी घातली, आक्कानेच शाळेत सोडलं. अकरा वर्षांत दोघींची भेट नाही. मला वाटलं होतं मोतीबिंदू असेल, आज नाही तर सहा महिन्यांनी जाऊ. मी विचारलंही नव्हतं नीट. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. लाज वाटली. पेपराखाली तोंड होतं ते बरं झालं.

लगेच चपला घातल्या आणि निघालो. सरळ जायचं, दोन जागा मागायच्या, वाय तर वाय. ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. आत ते पंख तुटलेलं खेळणं. शिंप्याकडे वळलो आणि पायजम्याची नाडी घेऊन परत आलो.

१७ सप्टेंबर, बुधवार

गेलो नाही. गुडघा.

(गुडघा ठणठणीत आहे. वहीशी तरी खोटं कशाला?)

१८ सप्टेंबर, गुरुवार

के ०!

शून्य! गेली, शेवटचीही गेली! दोनदा विचारलं. तिकीटवाली म्हणाली, "हो काका, काल दुपारी गेली." आज ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. चष्मा बदलला असेल.

आता मी लबाड नाही. जागा नाही म्हणजे खरोखरच नाही! कालपर्यंत छातीवर धोंडा होता, तो उतरायला हवा होता. तेवढा उतरला नाही. पण उतरेल.

चेहरा पाडून घरी सांगितलं. ती माझ्या सदऱ्याचं बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "हो का?" दाताने दोरा तोडला, सदरा माझ्या अंगावर टाकला आणि आत गेली. रडायला गेली असेल असं वाटलं. पाच मिनिटांनी आतून गुणगुणणं ऐकू आलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी चहाच्या बशीखाली घडी केलेला कागद. उघडला. बुधवार, चोवीस. तिचं नाव. अक्षर — के.

शेवटची जागा माझ्या बायकोने घेतली होती! मी काल जिच्या नावाने मनातल्या मनात पेढे वाटले, ती हीच.

"कसं काय?" एवढंच तोंडातून निघालं.

"तुम्ही दोन मागत होतात. मी एक मागितली." वर म्हणाली, "त्या मुलीला सगळं माहीत होतं हो. मी दुपारी जात होते, तुम्ही सकाळी. आठवडाभर चाललंय. चांगली शिकवते. तुमच्यापेक्षा मला लवकर आलं म्हणाली."

शेरास सव्वाशेर! मी छत्तीस वर्षं खिडकीवर बसलो आणि ही भाजीला जाते म्हणत पिशवीसकट माझ्या नाकाखालून जागा घेऊन गेली. खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. म्हटलं, "अगं पण एकटी कशी जाशील? तू कधी कुठे एकटी —"

"नाही गेले. तुम्ही बरोबर याल म्हणून थांबले." मग समोर बसली. बसते तेव्हा गंभीर असतं, उभ्याने बोलते तेव्हा नसतं. म्हणाली, "लग्नानंतर बागेत झोपाळ्यावर बसलो होतो, आठवतं? मी जरा जोरात झोका घेतला तर तुम्ही माझं मनगट इतकं घट्ट धरलंत की चार दिवस वळ होता. तेव्हापासून माहीत आहे मला. तुम्हाला लाज वाटेल म्हणून कधी बोलले नाही. वाटलं, कधीतरी आपणहून सांगाल. नाही सांगितलंत. राग त्याचा आहे, भीतीचा नाही."

मी कपबशी उचलली आणि स्वतः विसळली. आयुष्यात पहिल्यांदा.

उठता उठता म्हणाली, "आता फक्त वायमध्ये चार आहेत. मी विचारून आले. यायचं तर या, नाही तर तीन आठवडे वरणाला फोडणी कशी देतात ते शिका."

२० सप्टेंबर, शनिवार

तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. बालवाडीतली अक्षरं, एकेक बोटभर उंच. ‘मीठ’. ‘साखर’. ‘हे मीठ नाही, सोडा आहे’. एका डब्यावर ‘उघडू नका’. उघडला. आत चिठ्ठी — ‘सांगितलं होतं ना?’

खूप हसलो. मग त्या मोकळ्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. या घरात तिच्याशिवाय मी एकही रात्र काढलेली नाही. आणि तिकडे आक्काला बरं-वाईट काही झालं, तर ही कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवणार? विमानाची भीती वाटते ती वाटतेच. पण ही दुसरी भीती आज पहिल्यांदा कळली, आणि ती मोठी आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

तिकीटवालीचं दुकान बंद. घरीच सराव केला. खुर्ची भिंतीला टेकवली, कमरेच्या पट्ट्याने स्वतःला बांधलं, डोळे मिटले, पंखा पूर्ण जोरात. आणि तोंडाने घूं-घूं आवाज. साधारण चार मिनिटं तग धरला.

डोळे उघडले तर दारात बायको. हातात दोन कप चहा. एक कप माझ्यापुढे धरून म्हणाली, "पट्टा सोडू नका, उतरायला वेळ आहे अजून."

२२ सप्टेंबर, सोमवार

वायमध्ये आता तीन. चौथी घेतली — फक्त खिडकीजवळची नको म्हणून सांगितलंय.