पंपाची खोली

सांडोर, रविवार

प्रिय संजू,

हे तुझ्या हाती पडू नये, तरी लिहितोय.

आज तुला सासरी, गास गावाला सोडलं. रिक्षातून उतरताना म्हणालीस, "दादा, आजारातलं मला काहीच आठवत नाही. पण तू होतास म्हणून वाचले."

दिवाळीत माहेरी आलीस आणि आठवड्यात बदललीस. किंचाळायचीस, आईला चावलीस. वाडीबाहेर लोक जमायला लागले, तेव्हा मी तुला पंपाच्या खोलीत कोंडलं. तीन दिवस. आई दाराशी रडत होती, तरी किल्ली दिली नाही. चौथ्या दिवशी तुला झटके आले, मग दवाखाना. डॉक्टर म्हणाल्या, "शरीराची राखण करणाऱ्या अँटीबॉडीजच हिच्या मेंदूवर उलटल्यात, त्याने सूज आलीय. कधीपासून चाललंय हे?"

मी म्हटलं, "कालपासून."

दाराला आतून तुझ्या नखांचे ओरखडे होते. मी हिरवा रंग मारला.

काल केळींना पाणी सोडायला गेलीस आणि त्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबलीस. "आत पाय टाकवत नाही रे, का कोण जाणे."

मी म्हटलं, "नको जाऊस. आत विंचू असतात."

तुझा,
दीपेशदादा