उभ्या दगडाखालचा पाव

२ सप्टेंबर
रेक्याविक सोडलं. मासळीच्या कारखान्यातली नोकरीही सोडली. आधी त्रिग्वीला घराबाहेर काढायचं, मग बाकीचं! आई फेब्रुवारीत गेली आणि हा बाप्या अजून तिच्या घरात पाय पसरून बसलाय. ना तिचा नवरा, ना माझा बाप. शेवटची काही वर्षं तिच्यासोबत राहिला, एवढंच. घर माझ्या नावावर आहे.

पेट्रोलपंपावर हॉटडॉग. कुरकुरीत कांदा आणखी घाल म्हटलं, तर पोरगी म्हणते, "अगं, हॉटडॉगवर कांदा घालतात, कांद्यावर हॉटडॉग नाही." सगळे शहाणे!

३ सप्टेंबर
घर उत्तरेला, मी दक्षिणेला. स्कोगाफॉसचा धबधबा बघायचा होता म्हणून. भिजले. समोर एक परदेशी नवरी पातळ पांढऱ्या झग्यात, फोटोसाठी कुडकुडत हसत होती. डोकं फिरलंय बाईचं.
गाडीत सुकी मासळी, वर लोणी. दात दुखले. त्रिग्वीला काय सुनवायचं ते मोठ्याने म्हणून पाहिलं. मस्त जमलं.

५ सप्टेंबर
गोदाफॉस, वाटेतला दुसरा धबधबा. सुंदर आहे. असेना! बघता बघता सुनवायची वाक्यंच विसरले.

६ सप्टेंबर
पोचले. आईच्या खुर्चीत बसलेला! उठलासुद्धा नाही.
"आलीस? मेंढीचं मुंडकं उकडलंय. डोळा तुला."
"डोळा तूच खा. खुर्ची सोड."
"आधी जेव. उपाशीपोटी भांडलीस तर हरशील."
जेवले. पाव मात्र अगदी आईचा — काळा, गोडसर. घरामागच्या आमच्या छोट्या धबधब्याच्या पायथ्याशी जमीन आतून तापलेली. पिठाचा डबा तिथे पुरायचा, दुसऱ्या दिवशी भाजलेला पाव उकरायचा. वर खुणेला ज्याचा त्याचा दगड. म्हणजे ती जागाही बळकावली याने!

७ सप्टेंबर
फावडं घेऊन गेले. दोन दगड. एक आडवा, भोवती ताजी माती. दुसरा उभा, आईचा. त्याच्याभोवती शेवाळ.
मागून हा धावत. "तो नको! उन्नुर, तो नको!"
म्हणजे तिथेच काहीतरी दडवलंय.
"माझ्या आईच्या दगडाला हात लावायला तुझी परवानगी काढू?"
उकरलं. गंजलेला डबा. आत कोळसा झालेला पाव.
"काढायचंही विसरतोस? आळशी!"
तो चिखलातच बसला. 
"तिनेच पुरला. दवाखान्यात नेलं त्या सकाळी. म्हणाली, उद्या येऊन काढते." मग म्हणाला, "मला नाही काढवला."

८ सप्टेंबर
डबा परत पुरला. दगड उभा केला. नवं पीठ मी मळलं, त्याच्या आडव्या दगडाखाली ठेवलं. खुर्चीत आज कुणीच बसलं नाही.
तो म्हणाला, "उद्या काढू."
म्हटलं, "उद्या म्हणू नकोस. सकाळी म्हण."