बांधावरचा रानकांदा

२१ ऑगस्ट

पुन्हा बांधावर जुंपली! थोरलं जैतून कुणाचं — सिफिसला दुसरं काही सुचतच नाही. भाऊ जिवंत होता तोवर या दिरानं ब्र काढला नाही. मानुसोसला मातीआड करून दोन वर्षं होत आली, आणि आता म्हणतो, "वहिनी, ते झाड बाबांनी मला दिलेलं. दादानं बांध सरकवला. कुंपणानंच शेत खाल्लं!"

म्हटलं, "मेलेल्या माणसाला चोर म्हणतोस? जीभ झडेल तुझी!"

घरी येऊन तशीच बसून राहिले. तेलाचं काय एवढं, एकटीला लागतं किती? पण माझा नवरा चोर ठरता कामा नये. बस्स.

२४ ऑगस्ट

भट्टीवर रोदांथी दिसली — सिफिसची बायको, माझी जाऊ. एका भट्टीत पाव लावायचो आम्ही. "ताई, ये गं, कॉफी टाकलीय," म्हणायची. आज तोंड फिरवून गेली. हे मला झाडापेक्षा जास्त लागतं.

३० ऑगस्ट

कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर निवाडा. सरपंच स्त्रातिस म्हणाला, "तुमच्या म्हाताऱ्यानं बांधावर रानकांदे लावले होते, खरं ना? दगड सरकवता येतो. रानकांदा खोल बसतो, तो जागा सोडत नाही. हिवाळी पावसाआधी फुलेलच. दांडे उभे राहतील तिथं बांध. कबूल?"

सिफिस म्हणाला, कबूल. मीही म्हटलं, कबूल. आता वाट बघायची. या दिवसांत वर पानसुद्धा नसतं, नुसती धूळ.

५ सप्टेंबर

काही नाही. वारा आणि गुडघेदुखी.

९ सप्टेंबर

आमच्या दारावर मानुसोसनं टांगलेला रानकांदा अजून तसाच आहे. नव्या वर्षाला नवा उकरून आणायचा, घराला दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगायचा, जुना काढायचा — हे सगळं त्याचं काम. जुना हातात, लेक खांद्यावर, असा निघायचा. कुठं टाकून यायचा, मी कधी विचारलं नाही. चुलीपुढून हलायला वेळ कुणाला होता!

तो गेल्यापासून मी त्या कांद्याला हात लावलेला नाही. माती नाही, पाणी नाही, तरी मेल्याला पालवी फुटते. माझ्यापेक्षा चिवट.

१७ सप्टेंबर

फुलले! जैतुनाच्या पलीकडे, सिफिसच्या अंगाला, ओळीनं पांढरे दांडे. म्हणजे झाड माझ्या बाजूला! अलीकडे नुसते खळगे आणि दोन-चार चुकार दांडे. सरपंच म्हणाला, "हे रानचे. उकरलं असेल कुठल्या जनावरानं."

सिफिसनं टोपी काढली. "बाबांनीच सांगितलं म्हणायचं," एवढंच बोलला. रोदांथी मात्र जाता जाता म्हणाली, "मिळालं ना? प्या आता तेल!"

जिंकले. मानुसोसचं नाव राहिलं. वाटलं होतं, आज शांत झोप लागेल. नाही लागली.

२ डिसेंबर

जैतुनाची फळं एकटीनं झोडपून पाडली. खांदे भरून आलेत, हात वर होत नाही. दरवर्षी सिफिस यायचा काठी घेऊन, जाळं पसरायला रोदांथी. यंदा कोण येणार?

ऐकते की कॉफीच्या दुकानात सिफिसच्या टेबलाशी कुणी बसत नाही. "मेलेल्या भावाला चोर म्हणणारा," म्हणतात. मीच म्हटलं होतं ना पहिल्यांदा! आता ऐकवत नाही.

३१ डिसेंबर

आरेती आली शहरातून. दार बघून म्हणाली, "आई, पुरे झालं सुतक. उद्यासाठी नवा कांदा आणते." जुना उतरवला आणि हातात घेऊन निघाली.

"तो कुठं नेतेस?"

"जैतुनापलीकडे. बाबा तिथंच लावायचे ना दरवर्षी! आधीच्याच्या शेजारी. वर्षभर आपलं दार राखलंय, फेकू नये म्हणायचे. माती मऊ आहे तिथली."

"आणि नवा कुठून उकरायचा?"

"अलीकडून. वाटेतच तर होती ओळ. आता संपत आली असेल."

मी उंबऱ्यावरच बसले. आरेती विचारत राहिली, "काय झालं? आई, काय झालं?"

सासऱ्यांचा बांध दर वर्षी एक-एक कांदा करत आमच्या दारावर चढला आणि जैतुनापलीकडे उतरला. मानुसोसला हे कळलं नाही? की कळत होतं? विचारू कुणाला! जनावर म्हणे!

रडले. त्याच्यासाठी की सिफिससाठी, तेही कळेना.

१ जानेवारी

आरेतीनं आणलेला नवा कांदा दारावर टांगला नाही. ओढणीत बांधलाय. सिफिसकडे निघाले. नव्या वर्षाचं पहिलं पाऊल त्याच्या घरात माझं पडेल — झाड तुझं, म्हणायचं, आणि मग गावासमोरही तेच म्हणायचं. हाकलतील कदाचित. उजवा पाय आधी टाकायचा, एवढं विसरायला नको.